तेलपात्र : ओतीव आणि पत्र्याचे

रोवणीच्या दिवसांत भंडारा जिल्ह्यातील बांध्यांमध्ये चिखलणीसाठी ट्रॅक्टर उतरला म्हणजे शेतकऱ्याचे सारे लक्ष मागील अवजाराकडे आणि बांधीतील पाण्याकडे असते. इंजिनाच्या पोटाखाली काय चालले आहे, इकडे सहसा कोणी पाहत नाही. धुरा ओलांडताना किंवा चिखलात दडलेल्या दगडावरून जाताना खालून ठोकर बसते. तेलाची धार चिखलात मिसळून दिसेनाशी होते आणि थोड्याच वेळात इंजिन जाम होते. त्या वेळी पऱ्हे वीस-पंचवीस दिवसांचे झालेले असते आणि रोवणीच्या टोळीला दिवस दिलेला असतो. इंजिन उघडून बेअरिंगे बदलून येईपर्यंत आठ-दहा दिवस सहज जातात. तेवढ्यात पऱ्हे जून होते, त्यास फुटवे कमी येतात आणि दुरुस्तीच्या खर्चापेक्षा धानाचे नुकसान मोठे ठरते.

या आपत्तीचे मूळ ज्या भागात असते, तो भाग म्हणजे इंजिनाच्या तळाशी बसवलेले तेलपात्र. गॅरेजमध्ये यालाच 'चेंबर' असे म्हणतात. क्रँक, बेअरिंगे, दट्टे यांना वंगण देऊन खाली ठिबकलेले तेल या पात्रात साठते. पात्राच्या तळाजवळ एक जाळी असते. तिच्यातून तेलपंप ते पुन्हा वर ओढतो व दाबाने सर्व भागांना पोचवतो. फिरत असताना तेल बरीच उष्णता बरोबर आणते आणि तिच्यातील काही भाग पात्राच्या भिंतींतून बाहेरच्या हवेत जातो. सारांश, तेल साठवणे, निवू देणे आणि जाळीपाशी ते सदैव उपलब्ध ठेवणे ही या पात्राची नित्याची कामे होत. ट्रॅक्टरमध्ये मात्र त्याच्याकडे याहून एक मोठे काम पुष्कळदा सोपवलेले असते, आणि ते काम न कळल्यामुळेच सर्वांत गंभीर चुका होतात.

तेलपात्रे दोन रीतींनी तयार होतात. भंडारा शहर पितळेच्या भांड्यांसाठी पूर्वापार प्रसिद्ध असल्याने येथील शेतकऱ्यास हा भेद नवा नाही. समई किंवा घंटा ही ओतीव असते. धातू वितळवून साच्यात ओततात व थंड झाल्यावर तो घासूनपुसून साफ करतात. परात किंवा घागर पत्र्यापासून घडवतात. परात खाली पडली तर तिला पोचा येतो आणि कारागीर तो ठोकून काढतो. घंटा दगडावर आदळली तर तिला तडा जातो, आणि तडा गेलेली घंटा पुन्हा पूर्वीसारखी वाजत नाही. धातू तोच असूनही घडणीप्रमाणे त्याची वागणूक बदलते. तेलपात्रांत तर धातूही वेगळा असतो.

पत्र्याचे तेलपात्र साधारण एक ते दोन मिलिमीटर जाडीच्या मऊ पोलादी पत्र्याचे असते. मोठ्या दाबयंत्रात ठशावर दाबून त्यास एका-दोन दाबांत पात्राचा आकार देतात. या पोलादात कर्बाचे प्रमाण फार कमी, बहुधा दशांश टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही खाली असते. म्हणून पत्रा न फाटता खोलवर ताणला जातो. ठसे महाग पडतात, परंतु एकदा ते झाले म्हणजे नग झपाट्याने व स्वस्तात निघतात. ज्या गाड्या लाखांनी विकल्या जातात, त्यांना ही रीत सोयीची पडते. जुनी जीप, २०१४ पर्यंत निघत असलेल्या ॲम्बॅसडरचे मूळ इंजिन, मारुती ८०० या सर्वांची तेलपात्रे पत्र्याचीच.

ओतीव तेलपात्र बिडाचे असते. बिडात कर्बाचे प्रमाण अडीच ते चार टक्के असून त्यातील पुष्कळसा कर्ब ग्राफाइटच्या बारीक पाकळ्यांच्या रूपाने धातूत विखुरलेला असतो. या पाकळ्यांमुळे बीड कंप शोषून घेते व यंत्रावर चांगले कापले जाते. त्याच पाकळ्या आतून कमकुवत जागाही निर्माण करतात. बीड दाब उत्तम सहन करते. ताण सहन करण्याची त्याची शक्ती मात्र दाबाच्या मानाने सुमारे तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतकीच असते. ते वाकत नाही. मर्यादा ओलांडली की एकदम चिरते.

अलीकडील बऱ्याच मोटारगाड्यांत ॲल्युमिनियमचे ओतीव पात्र येते. ते बिडाहून पुष्कळच हलके असते आणि पत्र्याच्या पात्राहून ताठ असल्याने इंजिनाचा आवाज कमी करते. काही गाड्यांत वरचा अर्धा भाग ॲल्युमिनियमचा ओतीव आणि खालचा उथळ भाग पत्र्याचा अशी सांगड घातलेली असते. ठोकर खालच्या भागास बसणार हे जाणून ही योजना केलेली दिसते, आणि ती शहाणपणाची आहे. विहिरीवरील जुन्या संथ गतीच्या डिझेल इंजिनांत वेगळे पात्र नसून बिडाचे खोकेच खाली तेल धरते. त्यास ठोकर बसण्याचा प्रश्न येत नाही, म्हणून त्याचा विचार येथे केलेला नाही.

ट्रॅक्टरच्या पोटावरील भार

मोटारगाडीस किंवा जीपला खाली सांगाडा असतो. इंजिन त्या सांगाड्यावर रबरी आधारांवर बसवलेले असते. तेलपात्र इंजिनाला नुसते लटकलेले असते. ते काढले तरी गाडी जागची हलत नाही.

ट्रॅक्टरची गोष्ट निराळी आहे. १९१३ साली अमेरिकेत निघालेल्या वॅलिस कब ट्रॅक्टरात वेगळा सांगाडा न ठेवता जाड पोलादी पत्रा पन्हाळीसारखा वाकवून इंजिनाच्या पोटाखाली घेतला होता. तोच सांगाडा आणि तोच तळ. पुढे १९१७ साली हेन्री फोर्डच्या फोर्डसन ट्रॅक्टरने इंजिन, गिअरपेटी आणि मागील आस यांची ओतीव खोकी एकमेकांना बोल्टांनी जोडून सांगाडाच काढून टाकला. यंत्र स्वस्त व आटोपशीर झाले आणि ही पद्धत जगभर रूढ झाली. आपल्याकडे १९६० साली मद्रास येथे टॅफे कंपनी स्थापन होऊन मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर देशात बनू लागले. त्यांतील तीन सिलिंडरच्या इंजिनाचे बिडाचे तेलपात्र असेच भार वाहणारे आहे. आज जिल्ह्यात दिसणाऱ्या अनेक ट्रॅक्टरांची रचना याच धर्तीची आहे. काही ट्रॅक्टरांत पुढील बाजूस लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा दिलेला असतो व तेथे पात्रावर भार नसतो. आपल्या ट्रॅक्टरची रचना कोणती, हे त्याच्या पुस्तिकेवरून किंवा विक्रेत्याकडून एकदा निश्चित समजून घ्यावे.

सांगाडा नसलेला ट्रॅक्टर म्हणजे पुढील व मागील चाकांवर टेकवलेली एक तुळई आहे असे समजावे. दोन टोकांवर टेकवलेल्या तुळईवर वजन आले की ती मध्ये खाली वाकू पाहते. तिच्या वरच्या अंगास दाब बसतो आणि खालच्या अंगास ताण. तेलपात्र नेमके खालच्या अंगास आहे आणि बिडाचे दुबळेपण नेमके ताणात आहे. म्हणूनच कारखानदार या पात्राच्या भिंती जाड घेतात व आतून कणे देतात. रोजच्या शेतकामाला ते पुरून उरते. परंतु पुढे माती-रेती उचलण्याचे लोडर जोडले, किंवा भरधाव ट्रॅक्टरची पुढील चाके धुऱ्यावरून आदळली, तर हा ताण कित्येक पटींनी वाढतो. त्यात पात्राचे दोन-तीन बोल्ट सैल असतील, तर साऱ्या पात्रावर वाटला जाणारा भार एकाच कोपऱ्यावर येतो आणि चीर तेथून सुरू होते. ओतीव पात्रे ठोकरीने फुटतात हे खरे, तथापि सैल बोल्टांनी फुटणारी पात्रेही थोडी नाहीत. त्यांचा दोष मात्र उगाच दगडावर ढकलला जातो.

येथे एक धोक्याची सूचना विशेष लक्षात ठेवावी. जीपवर हात बसलेला कारागीर ट्रॅक्टरखाली आडवा होऊन त्याच सवयीने चेंबरचे बोल्ट सोडू लागतो. ज्या ट्रॅक्टरात पात्र भार वाहते, त्याचे पात्र सुटताच पुढील व मागील भागांमधील आधार जातो. ट्रॅक्टर मध्ये खचतो आणि खाली असलेला मनुष्य त्याखाली सापडू शकतो. असे पात्र काढण्यापूर्वी इंजिनाच्या मागील जोडाखाली आणि पुढील भागाखाली भक्कम घोडे लावले पाहिजेत, आणि चाकांना उटी दिली पाहिजे. नुसत्या जॅकवर विसंबू नये. विटांच्या थप्पीवर तर कधीच नाही, कारण वीट पूर्वसूचना न देता फुटते. हे काम झाडाखाली करण्याचे नाही. ते सोयी असलेल्या कार्यशाळेतच करवून घ्यावे.

पात्र कोणत्या धातूचे आहे हे ओळखण्यास फार खटाटोप लागत नाही. चुंबक लावून पाहावा. तो चिकटला नाही तर पात्र ॲल्युमिनियमचे. चिकटला, तर पान्याने हलकेच वाजवावे. पत्रा डब्यासारखा पोकळ वाजतो, बिडाचा आवाज जड व बसका येतो. बिडाचा पृष्ठभाग खरबरीत असून त्यावर पुष्कळदा उठावदार अक्षरे वा अंक ओतलेले असतात.

पोचा आणि त्याची फसवणूक

पत्र्याच्या पात्राला पोचा आला आणि तेल गळले नाही, म्हणजे शेतकरी निश्चिंत होतो. ही निश्चिंती महागात पडते. जिल्ह्यातील पांदण रस्त्यांवर दोन चाकोऱ्यांच्या मध्ये उंचवटा राहतो. धानाची पोती लादून तुमसरच्या बाजारास निघालेली छोटी मालगाडी भाराने आणखी खाली बसते. मुळात तिच्या पोटाखाली वीतभरही जागा नसते. अशा वेळी उंचवट्यावर पोट घासले की पात्राचा तळ वर दाबला जातो. जाळी आणि तळ यांत अंतर फार थोडे, बहुधा एका बोटाच्या जाडीइतकेही नसते. तळ वर येऊन जाळीला टेकला तर पात्र तेलाने भरलेले असूनही पंपाला तेल मिळत नाही.

दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. तळ वर आल्याने पात्राची पोकळी लहान होते, आणि तेवढेच तेल मापपट्टीवर अधिक उंच दिसते. समजा, पात्रात चार लिटर तेल मावत होते आणि पोच्याने अर्ध्या लिटरची जागा व्यापली. यापुढे खुणेपर्यंत तेल भरणारा मनुष्य प्रत्यक्षात साडेतीन लिटरच भरतो, आणि पट्टी मात्र तेल पूर्ण असल्याचे सांगते. कमी तेल लवकर तापते व लवकर काळवंडते. म्हणून ठोकर बसल्यानंतर केवळ मापपट्टीवर विश्वास ठेवणे योग्य नव्हे. तेलाच्या दाबाचा काटा किंवा दिवा पाहावा. इंजिन चालू असता दिवा लागला किंवा काटा नेहमीपेक्षा खाली आला तर त्याच जागी, रस्ता अडत असला तरी, इंजिन बंद करावे. 'घरापर्यंत नेऊन पाहू' या एका विचाराने जितकी इंजिने बाद झाली असतील, तितकी दगडांनी झाली नसावीत.

पत्र्यास दुसरा शत्रू गंज. चिखल पात्राला चिकटून वाळतो, त्यात शेतातील खताचे क्षार असतात आणि पावसाळाभर तो ओलावा धरून ठेवतो. एक-दोन मिलिमीटर पत्रा कुरतडण्यास फार वर्षे लागत नाहीत. गंज प्रथम कडेच्या वळणावर व निचरा-बुचाच्या भोवताली धरतो. बीडही गंजते, परंतु त्याची जाडी पुष्कळ असल्याने तो गंज पात्राच्या आयुष्यात क्वचितच आरपार जातो.

पत्र्याच्या पात्राची कड पातळ असते. गळती थांबावी म्हणून बोल्ट जोराने आवळले की भोकांभोवती कड वर उचलली जाते आणि दोन बोल्टांच्या मध्ये फट पडून गळती उलट वाढते. पात्र काढल्यावर ही कड सपाट लाकडावर ठेवून हातोडीने सरळ करावी व नवी गास्केट घालून बोल्ट मधून टोकांकडे, आलटून पालटून, बेताने आवळावेत. ओतीव पात्राची कड यंत्रावर सपाट केलेली असते, तिथे हा दोष येत नाही. तेथील बोल्ट मात्र पुस्तिकेत दिलेल्या आवळणीपर्यंत, आवळणी मोजणाऱ्या पान्यानेच घट्ट करावेत. हरवलेल्या बोल्टाच्या जागी बाजारातील कोणताही बोल्ट बसवू नये. बोल्टाच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असे अंक असतात. ते त्याच्या ताकदीचे निदर्शक होत, आणि जुन्यावर जो अंक असेल तोच नव्यावर असावा.

निचरा-बुचाची हकिगत थोडक्यात अशी. तेल बदलताना बूच प्रथम हातानेच फिरवून आटे नीट बसले याची खात्री करावी, मग पान्याने आवळावे. पान्याला नळी लावून जोर करू नये. पत्र्याच्या पात्रात बुचासाठी जोडलेली चकती निखळते, ॲल्युमिनियमचे आटे सरळ निघून येतात, आणि बिडात बुचाच्या भोकापासून चीर निघते. तांब्याची चकती प्रत्येक वेळी नवी घालावी. तिची किंमत चहाच्या एका पेल्याहून फारशी अधिक नसते.

चिखलणीच्या काळातील निगा

चिखलणी चालू असताना रोज सकाळी, सपाट जागी, इंजिन सुरू करण्यापूर्वी तेल पाहावे. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे असे समजून इंजिन सुरू करू नये. संध्याकाळी पोटाखालचा चिखल ओला असतानाच काढावा. वाळलेला चिखल पात्रावर गोधडीसारखा बसतो व तेलाची उष्णता अडवतो. त्याहून वाईट म्हणजे तो गळती झाकतो. स्वच्छ बिडावर तेलाचा एक थेंबही उठून दिसतो. तथापि तापलेल्या इंजिनावर लगेच तळ्याचे गार पाणी मारू नये. बीड एकाएकी निवले तर त्यावर ताण येतो. अर्धा-पाऊण तास थांबून मग धुवावे.

ट्रॅक्टर बांधीतून काढताना धुरा तिरपा ओलांडण्यापेक्षा एका ठिकाणी धुरा छाटून उतार करावा आणि वर्षानुवर्षे तीच वाट ठेवावी. लोखंडी चाके लावलेला ट्रॅक्टर चिखलात किती बसेल याचा अंदाज बांधावरून येत नाही. पाणी भरण्यापूर्वी, उन्हाळी नांगरटीच्या वेळीच, बांधीतील मोठे दगड व जुने खुंट काढलेले असावेत किंवा त्यांच्या जागी काठी रोवून खूण केलेली असावी.

फुटलेल्या पात्राची दुरुस्ती

पत्र्याचे पात्र काढून पोचा आतून ठोकावा, भोक असल्यास झाळ द्यावी. नवे पात्र माफक किमतीत मिळत असेल तर गंजलेल्यास ठिगळे लावू नयेत. झाळ देण्यापूर्वी पात्र गाडीवरून उतरवून तेलाचा अंशही राहणार नाही असे धुतले पाहिजे. तेलाच्या वाफेने पेट घेतल्यास वेल्डर आणि यंत्र या दोघांनाही इजा होते.

बिडाचे काम याहून नाजूक आहे. साध्या वेल्डिंगच्या कांडीने बिडाची चीर भरली तर ती निवताना शेजारून पुन्हा फुटते. जाणकार वेल्डर प्रथम चिरेची दोन्ही टोके शोधतो व तेथे बारीक छिद्रे पाडतो, म्हणजे चीर पुढे सरकत नाही. मग चिरेची खाच करून, पात्र सर्व बाजूंनी तापवून, निकेलयुक्त कांडीने थोडे थोडे भरत जातो आणि प्रत्येक टाक्यावर हलकी हातोडी मारतो. शेवटी पात्र राखेत किंवा कोरड्या वाळूत पुरून सावकाश निवू देतो. पितळी झाळही बिडावर चांगली बसते, कारण तिला उष्णता कमी लागते. ॲल्युमिनियमच्या पात्रास आर्गॉन वायूचे वेल्डिंग लागते.

परंतु ही सारी दुरुस्ती तळाच्या किंवा भिंतीच्या चिरेपुरती आहे. भार वाहणाऱ्या पात्राची चीर बोल्टाच्या भोकातून किंवा जोडाच्या कोपऱ्यातून गेली असेल, तर ते पात्र बदलावेच. तेथे वेल्डिंग करून पैसे वाचवणे म्हणजे ट्रॅक्टरचा कणा झाळीवर टांगणे होय. दोन नळ्यांतील लांबी कालवून चिरेवर लावण्याची युक्ती शेतातून कार्यशाळेपर्यंत जाण्यापुरती वापरावी, पूर्ण हंगामासाठी नव्हे.

दुरुस्त पात्र बसवण्यापूर्वी त्याची परीक्षा घरीही होते. बाहेरून चुन्याची किंवा खडूची पातळ निवळी लावून वाळू द्यावी, आत रॉकेल ओतून पात्र रात्रभर दोन ओंडक्यांवर ठेवावे. रॉकेल तेलाहून पातळ असल्याने केसाएवढ्या फटीतूनही झिरपते आणि सकाळी चुन्यावर ओली रेघ उमटलेली दिसते. रेघ दिसली तर पात्र परत वेल्डरकडे न्यावे. न दिसली तर ते पुसून कोरडे करावे, जाळी धुवावी, तेलाचा फिल्टर नवा घालावा. काढलेले जुने तेल डब्यात साठवून परवानाधारक संकलकास द्यावे. ते बांधीत अथवा मालगुजारी तलावाच्या काठी ओतू नये. त्या तलावांतील मासळीवर ढिवर बांधवांची कुटुंबे जगतात, आणि पाण्यावर पसरलेला तेलाचा तवंग लवकर निघत नाही.